अण्णांनी अंगठ्याने निवडलेलं मशीन

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरची गोष्ट सांगतो. मी मुलांच्या वह्या तपासत होतो. माझे थोरले बंधू अण्णा सुतारकाम करायचे. ते भुशाच्या हातांनीच आत आले.

"मास्तर, उठा. नगरच्या मिलिटरी कॅम्पात लाकडाच्या कडंवर नक्षी काढायची दोन मशिनं इकायला हायेत. एकच घ्यायचं. चुकलं तर माझं दुकान बसलं."

कॅम्पात जाऊन पाहिलं, तर एका मशिनचं पातं टेबलाखालून वर यायचं, दुसऱ्याचं वरून खाली. अण्णांनी घरून हातरंध्याने नक्षीची कड काढलेला एक तुकडा नमुना म्हणून नेला होता. विकणाऱ्याने दोन्ही मशिनांवर हुबेहूब तशी कड काढली आणि तिन्ही तुकडे पुढे ठेवले.

"डोळं फसवत्यात, अंगठा न्हाई," म्हणत अण्णांनी डोळे मिटले, तिन्हींवर अंगठा फिरवला आणि एक तुकडा उंच धरला. "हेच मशीन. लई गुळगुळीत."

"मिस्त्री, तो तुम्हीच आणलेला तुकडा आहे," विकणारा म्हणाला.

"मग मलाच ठिवा इकायला," अण्णा म्हणाले, आणि हसत हसत टेबलाखालच्या पात्याचं मशीन घेतलं.

माझ्या दाराच्या चौकटीच्या तीन बाजूंवर त्यांनी हाताने तशीच नक्षी काढली होती. चौथी मशिनवर करू म्हणाले. मशीन बसायच्या आत अण्णा गेले.

चौथी बाजू अजून सपाटच आहे.