गालातल्या पेशीला भिंत नसते

हा पेशीचा केक कोणी केला, मिस्टर हूकस्ट्रा? — नाही, लेकीचं, गेसिनाचं नाव दिसतंय मला. क्रीमने लिहिलंय, आणि अक्षर तुमच्या बेकरीच्या काचेवरचंच आहे. बसा. मुलांच्या बाकात गुडघे मावत नाहीत, ठाऊक आहे — तरी बसा. केक देखणा आहे, खोटं कशाला बोलू? केंद्रक म्हणजे पाकात घोळवलेलं अख्खं आलुबुखार, तंतुकणिका बदामाच्या — सकाळपासून निम्मी शाळा दारातून डोकावून गेली. पण ही चॉकलेटची भिंत कशाला? माणसाच्या पेशीला भिंत असते का? नसते. भिंत झाडांच्या पेशींना. आपल्याला नुसतं पातळ पटल. सोमवारी याच वर्गात प्रत्येकाने दातकोरणीने गाल आतून खरवडला, निळा रंग टाकला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एकाने हवेच्या बुडबुड्यालाच पेशी समजून आरोळी ठोकली — ते दरवर्षीचंच — पण तुमची गेसिना पाहत राहिली आणि म्हणाली, "इतकी मऊ? आणि तरी फुटत नाही?" त्या एका प्रश्नासाठी मी रोज पहाटे देवाकडे — असो.

म्हणजे तिला ठाऊक होतं. मग भिंत आली कुठून? "भिंतीशिवाय केक खचेल" — असंच म्हणालात ना तिला? बेकरीत ते बरोबर, पेशीत चूक. आणि आज वर्गाने भिंतीचं कारण विचारलं, तेव्हा पोरगी म्हणाली, "बाबांना विचारा." मुलं हसली. मी हसले नाही. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून आणलं, तर विज्ञानात नापास — नियम माझाच आहे. काय म्हणालात, एका केकसाठी? केकसाठी नव्हे, असत्यासाठी. तिला नापास करायला मी लेखणी उचललीही होती — तिने बाकाखालून ती वाटी काढली नसती, तर —

हे सांगायचं नव्हतं मला. वचन दिलं होतं तिला. देव मला क्षमा करो.

हो, तिची स्वतःची पेशी. जिलेटिनची. तुम्ही भट्टीवर असताना केली म्हणे. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून लपवली. द्राक्षाचं केंद्रक, एका अंगाला कललेली, भिंत नाही. ती उत्तीर्ण आहे, मिस्टर हूकस्ट्रा. रुमाल ठेवा खिशात.

राहिलात तुम्ही. देवाने आपल्या प्रत्येकाला एकाच पेशीपासून वाढवलं. ती आपली आपण दुभंगत गेली, बाहेरून कोणी तिला टेकू लावला नाही. लेकराच्या बाबतीत तेवढा धीर तुम्हालाही धरता आला असता. या वर्गाचा रिवाज ठाऊक आहे ना — आणलेली पेशी खाऊन संपवायची, टाकायची नाही. केक मुलं खातील. वाटी तुमची. साखर नाही तिच्यात, मीठ आहे. "शरीरातलं पाणी खारट असतं," म्हणाली, म्हणून विचारपूर्वक घातलंय.

घ्या चमचा. — तोंड वाकडं करू नका, दाराच्या काचेतून पाहतेय ती. — आणखी. — केंद्रकसुद्धा. — पाणी नंतर. — संपलं? तळाशी राहिलंय ते? — ठीक. आता जा.