लाल गाडीचं इंजन

— तर दुसरं इंजन बसतंय की, कामून बसणार न्हाई? योगीराजभाऊ, ह्या भुजंग मिस्त्रीनं पस्तीस वर्षांत आख्ख्या सेलूतली इंजनं उतरवली अन् चढवली — पण हे सोपं काम न्हाई, एवढं समजून घ्या. गाडी स्पोर्टाची, दोन सीटची, छत मागं सरकणारी. तुमच्या वडलांनी, दत्तरावांनी, पुण्याहून आणली तवा तुमच्या कापसाच्या जिनिंगच्या गेटावर लोकं बघायला जमले होते. तिचं इंजन आता कुठंच मिळत न्हाई. मंग काय करायचं? संभाजीनगरला भंगारात एक ॲक्सिडेंटची कार हाय, मागून ठोकलेली, इंजन साबूत — ते आणायचं. लांबीला चार बोटं जास्ती हाय ते. म्हणजे इंजन ज्यावर बसतं ते फाउंडेशन कापून नव्यानं वेल्डिंग, रेडिएटर पुढं सरकवायचा, वायरिंग सगळी त्या गाडीची उचलायची, अन् आरटीओत नवा इंजन नंबर चढवायचा. दोन महिने धरा. माझी कंबर पहिल्यासारखी न्हाई, दोन म्हणतो म्हणजे तीन.

अन् ते मगाशी म्हणलात ना — माझ्या हातानं मोडली, आता वडील दिवाळीनंतर गेले, निदान गाडी तरी नीट करतो — ते राहू द्या बाजूला. चहा घ्या, गार व्हायलाय. न्हाई, खरंच राहू द्या. नऊ वर्षं ही ह्या कोपऱ्यात हुभी हाय, रोज मीच धूळ झटकतो. फक्त एक ध्यानात ठेवा — नव्या इंजनात कूलंटच टाकायचं. बोअरचं पाणी एक थेंब न्हाई. आपल्याकडं बोअरच्या पाण्यात डाळ शिजत न्हाई, घरी आमची बबिता डाळीला लावत न्हाई ते, अन् मी येड्यासारखं —

काय? न्हाई, काही न्हाई. आपलं बोलता बोलता.

कोणाच्या गाडीत म्हणता? बसा. बसा म्हणलं ना. मलाबी आता लय थकायला झालंय हे सांभाळून. त्या दुष्काळाच्या साली कूलंट संपलं होतं, परभणीहून आणायचा मी कंटाळा केला, अन् बोअरचं पाणी ओतलं — एकदा न्हाई, आख्खा उन्हाळा, जवा जवा कमी झालं तवा तवा. तुमी मित्राला चारठाण्याची देवळं दाखवायला घेऊन गेलात, येताना जिंतूर रोडला इंजन जाम झालं. मी हेड खोललं तर आत क्षाराचा पांढरा थर, बंबात धरतो तसा, पाणी फिरायला जागाच न्हाई. तुमी बैलगाडीच्या चालीनं आणली असती तरी ती त्या दिवशी बंद पडणारच होती. तासभर खरडला मी तो थर. मंग दत्तराव आले, काय झालं म्हणले. मी म्हणलो, पोरानं लय ताणली. तीन शब्द. वाटलं, बाप हाय, चार दिवस रागवंल अन् इसरंल. ते तुमाला नको ते बोलले, तुमी उलटून बोललात, पुणं गाठलं, अन् बोलणं बंद झालं ते झालंच.

दर दसऱ्याला यायचे ते. गाडीला हार घालायचे, दार उघडून आत बसायचे, अन् स्टेअरिंगवर हात ठेवून एकच इचारायचे — "भुजंगा, पोरानं खरंच ताणली होती का रे?" दर साली तेच. कामून इचारत असतील? मला काय कळत नव्हतं? फोन खिशातून काढून मांडीवर ठेवलेला असायचा. मी एकदा न्हाई म्हणलो असतो तर तिथूनच तुमाला लावला असता त्यांनी. अन् मी पाना पुसत म्हणायचो, हो मालक, ताणलीच होती. शरम वाटायची, तरी म्हणायचो.

असं पाहू नका. शिव्या द्या, काहीबी बोला.

काय? गेल्या दसऱ्याला? — हो. काठी टेकत आले होते. गेल्या दसऱ्यालाबी इचारलं.

चावी त्या खिळ्याला हाय. त्यांनी घातलेला हारबी तिथंच लटकावलाय, वाळलाय, मी काढला न्हाई. गाडी ठेवायची तर ठेवा, न्ह्यायची तर दुसरा मिस्त्री पाहा. जा आता, तुमची रेल्वे यायलीय.