टोल चुकवायची वाट

व्हर्मॉन्टच्या डोंगरात जुना टोलरस्ता आता फिरायची पायवाट झालाय. जाताना चौकीतल्या वहीत नाव लिहायचं, परतल्यावर खोडायचं. रांगेत माझ्यापुढे कोराकाकू होत्या, वहीपाशी वाट सांभाळणारा वेन.

“काकू, एल्डनकाकांचं नाव सकाळी आठचं आहे. अजून खोडलेलं नाही.”

“दिसतंय मला! शोधायला माणसं गेली होती ना?”

“जुन्या नाक्याच्या खांबांपलीकडे दोन मैल जाऊन आली. नाक्याच्या अलीकडच्या ओढ्यापर्यंत काकांची पावलं आहेत, पुढे काहीच नाही.”

“ओढ्यापासून डावीकडे दलदलीत बघितलं?”

“तिकडे वाट कुठंय?”

“आहे. टोल चुकवायला ह्यांच्या पणजोबांनी पाडलेली. लहानपणी हे आजोबांमागून तिथूनच जायचे. हल्ली ह्यांना सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण ते सगळं लख्ख आठवतं.”

“पण नाक्यावरून सरळ गेले असतील की!”

“ह्या घरातलं माणूस नाक्यातून कधी गेलेलं नाही, वेन. चार पिढ्यांत नाही.”

“अहो, टोल बंद होऊन शंभर वर्षं झाली!”

“ते त्यांच्या पायांना कोण सांगणार? दोर घे, चल लवकर.”