गाळलेलं वाक्य

हो, गाळलं मी ते वाक्य. तुला कन्नड येतं म्हणून सापडले. ह्या बायकांना कुठलं यायला — पुण्या-साताऱ्याहून लेकाकडं राहायला आलेल्या, कन्नड म्हणजे ‘स्वल्प’ आणि ‘सरी’, झालं! म्हणून तर दर एकादशीला देवळाच्या हॉलात भक्तीचा कन्नड सिनेमा लावतात आणि ह्या वेणक्काला पडद्याशेजारी उभं करतात — तिकडं संत बोलला की इकडं मी मराठीत बोलायचं, राजा बोलला की मीच राजा. पंधरा वर्षं करतेय. दया, क्षमा, सगळं ह्याच तोंडानं सांगितलं. बायका डोळे पुसतात. मला काही होत नाही. पूर्वी व्हायचं गं, आता नाही.

बस ना, उभी का? काय नाव म्हणालीस — पवित्रा? हं. तर तो प्रसंग. लेक दारात, जातीबाहेर लग्न करून आलेली, बाप दार लावायला निघतो, आणि आई म्हणते, ‘लेकरू आहे आपलं, आत घ्या.’ एवढंच. ते आलं की माझी जीभ उचलत नाही — गप्प उभी राहते. बायकांना वाटतं, सिनेमातली आई लेकीसाठी काही बोललीच नाही. ‘कसली मेली आई ही!’ म्हणून शिव्या घालतात तिला. घालू देत.

का ते विचारू नकोस. — विचारलंसच! माझी वसुमती अशीच आलेली, नवऱ्याला घेऊन. बारा वर्षं झाली. ह्यांनी दार लावलं. सगळ्यांना ठाऊक आहे ते, विचार कुणालाही. इथंच, गावातच व्हाइटफील्डला असते, दोन मुलं आहेत म्हणे. मार्चमध्ये हे गेले, तरी कळवलं नाही मी तिला. का नाही? नाही कळवलं, बास.

काय? फोन लावू? आता ते नाहीत, आता कुणाची भीती, म्हणतेस? अगं, त्यांची कसली भीती! ते तर चष्मा शोधत उठले होते — ‘वसू आलीय, वेणी, पाणी आण’ म्हणत. म्हणजे — पाणी आणायला म्हणून मी उठले, आणि कडी घातली. हे बघतच राहिले. ती बाहेरून ‘आई, आई’ करत होती. बाबांना एकदाही हाक मारली नाही. तिला ठाऊक होतं, कडी कुणी घातली ते.

तो फोन आत ठेव. जा तू आता, हॉल झाडायचाय मला.