दोन खोल्यांचा भाव

जास्त आहे — मला कळत नाही का, मॅडम? आकडा ऐकलात आणि तुमचा हात आपोआप पर्सवर गेला, पाहिलं मी. सगळ्यांचं तसंच होतं. परवा एक नवरा-बायको आले होते, आकडा ऐकून नवरा बायकोकडे बघायला लागला आणि बायको छताकडे. छताला काही झालेलं नाही हं, चांगलं आहे, एक थेंब गळत नाही. या ना, आत या — नको, चपला राहू द्या, रिकाम्या घरात कसल्या चपला काढता. हॉस्पिटलात नर्स आहात म्हणालात ना फोनवर? मग तर हे घर तुमच्यासाठीच आहे, पायी बारा मिनिटं. पंधरा धरा. आता पगाराचा अर्ध्याहून जास्त भाग भाड्यातच जाणार म्हणता — जाणार. खोटं कशाला बोलू? सव्वीस वर्षं घरं दाखवतोय, या धंद्यात लोक मला एकाच गोष्टीसाठी ओळखतात, हा माणूस भाव खरा सांगतो.

एवढं वाढलं कशानं, असं सगळेच विचारतात. आता बघा, पुलापलीकडे ती काचेची ऑफिसं झाली. तिथली माणसं येताना पगार घेऊन आली, घरं घेऊन नाही आली. हे एक. दुसरं म्हणजे नवीन इमारती बांधतात त्या विकायला, आणि घेणार कोण, तर ज्यांची आधीच दोन घरं आहेत ते. घेतात आणि कुलूप लावून बसतात, भाव चढू दे म्हणून. संध्याकाळी मागच्या गल्लीत जाऊन खिडक्या मोजा, निम्म्यांत दिवा नसतो. आणि याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, महिन्याचा भाडेकरू ठेवतच नाहीत — दोन दिवस हा पाहुणा, तीन दिवस तो, चाकाच्या बॅगा जिन्यावर धाड धाड. पाहुणा आठ दिवसांत जेवढं देऊन जातो तेवढं भाडेकरू महिन्यात देत नाही, मग मालक कशाला भाडेकरू शोधेल? ही झाली कारणं. पेपरात हीच येतात. पण खरं कारण सांगू? मी. हसू नका — म्हणजे हसा, पण ऐका. एक मालक माझ्या ऑफिसात येतो, विचारतो, शेजारच्याचं कितीला गेलं? मी सांगतो. तो त्यावर थोडं चढवतो, का, तर त्याच्या खिडकीतून झाड दिसतं. मग तिसरा येतो, त्याच्याकडे झाडबिड काही नाही, पण तो म्हणतो मी काय घोडं मारलंय? तोही तेवढंच मागतो, वर थोडं घासाघिशीसाठी ठेवतो. वर्षभरात आकडा कुठल्या कुठे. यात वाईट कुणीच नाही हो. कुणी कुणाला लुटत नाही. नुसतं विचारतात, आणि मी सांगतो.

हे स्वयंपाकघर. नळाला जोर आहे, सोडून बघा हवं तर. ओट्याखाली फळ्या आहेत, मजबूत. आणि ही बाल्कनी — उजेड बघा. सकाळी आठ ते दुपारी तीन, दिवा लावायला लागत नाही, सुईत दोरा ओवता येतो एवढा उजेड. काय? ते? ते चार खड्डे होय. फरशी तेवढी दबली आहे, त्याला काही करता येणार नाही. त्यावर टेबल ठेवलं की दिसत नाही. मशीनचे आहेत. शिलाई मशीनचे, जुनं, पायाचं, लोखंडी. एकवीस वर्षं एकाच जागी उभं होतं. आधीच्या बाई शिवणकाम करायच्या. ब्लाउज, शाळेचे गणवेश, पडद्यांच्या कडा, खालच्या कापडवाल्याचं फिटिंगचं सगळं काम त्यांच्याकडे. हाक मारली की खालून कापड वर यायचं, दोरीला पिशवी बांधून. चांगल्या होत्या. गेल्या त्या. नाही, नाही — तसं नाही, जिवंत आहेत, घर सोडून गेल्या.

कुठे म्हणजे… लांब. बस बदलून दोन तास. त्यांच्या नणंदेची मुलगी आहे तिथे, तिच्या दुकानामागे एक खोली आहे. खिडकी आहे, पण ती भिंतीवर उघडते. मशीन नेलं, चालवतात का माहीत नाही. शिवायला देणारी माणसं इथे, मशीन तिथे. मला कसं माहीत? जाऊन आलो ना. एकदा. माझी बहीण आहे ती, मॅडम.

थोरली. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा आणि ताई सोळाची. माझ्या शाळेच्या चड्ड्या शिवून ती शिवण शिकली, पहिल्या दोन तर मला बसताच यायचं नाही अशा होत्या. पुढे तिचं लग्न झालं, भावजी लवकर गेले, मूलबाळ नाही. माझी बायकोही गेली, नऊ वर्षं झाली. मग दर रविवारी मी इथे. ती बाल्कनीत मशीनवर, मी इथे भिंतीला टेकून, हातात पेपर. बोलायचो असंही नाही फार. ती म्हणायची, “तुझं वजन वाढलंय, शर्टाचं माप नव्यानं घ्यायला हवं.” मी म्हणायचो, “तुझी टेप आखडली.” एवढंच. आठवडाभर पुरायचं ते.

भाडं? भाडं नावालाच होतं. म्हातारे मालक भले माणूस, एकवीस वर्षांत दोनदा वाढवलं, तेही तिचीच परवानगी मागितल्यासारखं. ते गेल्या वर्षी वारले. त्यांची मुलगी परगावी असते, बाराव्याला आली ती कागदपत्रांची फाइल घेऊन सरळ माझ्या ऑफिसात. दुपारची वेळ, बाकावर दोन गिऱ्हाइकं बसलेली. बिचारीचे डोळे सुजलेले होते. म्हणाली, “काका, मला इथलं काही माहीत नाही. दोन खोल्या, तिसरा मजला, बाल्कनी रस्त्यावर. आज भाडं काय येईल?” आणि मी सांगितलं. पटकन, तोंडावर. जो आज तुम्हाला सांगितला तोच आकडा. वर म्हणालो, “यापेक्षा खाली येऊ नका, उजेडाचे पैसे आहेत.” मग तिने फाइल उघडली, पत्ता वाचला. ही इमारत. अकरा नंबर.

तेव्हा बोलायचं ना? म्हणायचं ना, थांबा बाई, तिथे माझी बहीण राहते, तेवढं नका करू. किंवा म्हणायचं, त्या इमारतीला भाव नाही, जिना अंधारा आहे, पाणी कमी आहे. कोण विचारणार होतं? पण बाकावर दोन माणसं बसली होती आणि मी नुकताच छाती पुढे काढून भाव सांगितला होता. आणि — आता सांगतोच आहे तर सांगतो — डोक्यात माझी दलालीही येऊन गेली. एका महिन्याचं भाडं. डोक्यात यायला कितीसा वेळ लागतो? माझ्या तोंडून निघालं, “हो, चांगली इमारत आहे.”

तीन महिन्यांची मुदत दिली तिने ताईला. नवा आकडा द्या नाहीतर घर सोडा. मी रविवारी यायचो, ताई मशीनवर, मी भिंतीला टेकून. तिने विषय काढला नाही, मी विषय काढला नाही. मी वाट बघत होतो, ती म्हणेल, “मी तुझ्याकडे येऊ का?” माझी एकच खोली आहे, पण दोन माणसं राहतात हो एका खोलीत, राहतात की. ती म्हणाली असती तर मी त्याच दिवशी सामान हलवलं असतं. पण मी विचारलं नाही, ती बोलली नाही. बारा रविवार, मॅडम. बारा रविवार मी पेपर वाचला. शेवटच्या रविवारी टेम्पो आला, मी मशीनची एक बाजू धरली, दुसरी टेम्पोवाल्याने. ताई म्हणाली, “सांभाळ, पाठीत उसण भरेल.”

मग महिन्याभराने गेलो तिकडे. दुकानामागे, त्या खोलीत. तिने खुर्ची पुसून दिली, मला, सख्ख्या भावाला, पाहुण्याला पुसून देतात तशी. म्हणाली, “मालकांच्या मुलीने सांगितलं होतं मला, कोपऱ्यावरच्या एजंटकाकांनीच भाव काढून दिला म्हणून. तो माझा भाऊ आहे, हे मी सांगितलं नाही तिला.” रागावून बोलली असती तर बरं झालं असतं, मी काहीतरी उलट बोललो असतो, भांडण झालं असतं, भांडण मिटतं. ती सरळ, अगदी आपुलकीनं म्हणाली, “जाऊ दे. तुला तुझी दलाली मिळाली ना?” आणि मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, “अजून नाही.”

अजून नाही! हे उत्तर दिलं मी.

मालकीणबाईंना फोन केला परत आल्यावर. म्हटलं, माझा अंदाज चुकला, कमी करा, जुन्या बाईंनाच परत बोलवा. हसली ती. म्हणाली, “काका, तुम्हीच तर म्हणालात, खाली येऊ नका.” आता तिचा मामा सांगतो, भाऊ सांगतो, सगळे तोच आकडा सांगतात, तो आकडा आता माझा राहिलाच नाही. चार महिने घर रिकामं आहे. एकोणीस जणांना दाखवलं. तुम्ही विसाव्या.

काय म्हणालात? नाही, ऐकलं मी, पण — घेता? याच भाड्यात? मैत्रीण आहे का तुमची, अर्धं-अर्धं करणार… हां. हां, दोघींना पुरेल. पुरेल ना. रात्रपाळीहून आल्यावर झोपायला ही आतली खोली शांत आहे. चांगलं आहे. उत्तम झालं. आगाऊ रक्कम आत्ता नको — नको म्हटलं ना, ठेवा ते पैसे आत. उद्या ऑफिसात या, मैत्रिणीला घेऊन, ओळखपत्रं आणा दोघींची. मालकीणबाईंना मी कळवतो. कळवतो हो, शब्द दिला, दुसऱ्या कुणाला दाखवत नाही आता.

नाही, तुम्ही व्हा पुढे. मला थोडं काम आहे इथे. काही नाही, असंच, मीटरचा आकडा लिहून घ्यायचाय. मीटर खाली आहे, ठाऊक आहे मला मीटर कुठे आहे. निघा तुम्ही, मॅडम. दार ओढून घ्या जाताना.