मंत्री पक्षाचा किती?

…अहो, पण माणूस पक्षाचा किती, हे मोजायचं कसं, तुम्हीच सांगा! वजन असतं तर काट्यावर उभं केलं असतं! विद्यापीठातल्या सरांकडे मी मंत्र्यांच्या याद्या भरायला गेले, वाटलं, नाव, खातं, तारीख… संपलं! तर सर म्हणाले, "बाई, नावापुढे आकडा घाला. राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाशी संबंध नाही त्याला शून्य, नुसता सदस्य त्याला एक, पदाधिकारी त्याला दोन, पक्षात हयात घालवली त्याला तीन. आपल्या देशात राष्ट्राध्यक्ष मंत्री कुठूनही उचलतात, म्हणून तर मोजायचं!" आणि घेतली की माझी परीक्षा! दहा मंत्री. नऊ आकडे सरांशी जुळले तर नोकरी, नाहीतर शनिवारी नमस्कार!

माझे जुळले आठ. एक सरळ चुकला, कबूल! पण दुसरा? तुम्हाला सांगते, हाडांचे डॉक्टर, माजी आरोग्यमंत्री. मी दिलं शून्य, सरांनी तीन! "बाई, प्रत्येक सभेत स्टेजवर आहेत ते!" अहो, आहेत, पण राष्ट्राध्यक्षांच्या गुडघ्यासाठी! फोटो बघा, सगळ्यांचे हात वर, यांचे खाली, गुडघ्याशी! आता गुडघा धरला म्हणजे पक्ष धरला का? शून्य की तीन, सांगा ना!

घरी विचारलं, तर आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणतात, "तीस वर्षं मी त्याच पक्षाला मत देतोय, मला किती?" म्हटलं, तुम्ही मंत्री नाही. तर रुसले! आता रुसणारा जास्त पक्षाचा, की कमी? माझं तर डोकंच चालेना…

शेवटी शुक्रवारी सरांसमोर मीच डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला, स्पीकर चालू. शून्य की तीन, एकदाचं कळू दे! डॉक्टर खो खो हसले. "पक्ष? छे हो! पक्षाचं ऑफिस कुठल्या रस्त्यावर आहे तेही मला ठाऊक नाही. शून्य लिहा, शून्य!" मी सरांकडे असं पाहिलं म्हणून सांगू! वाचली नोकरी! आणि मग कुठून बुद्धी झाली मला, म्हटलं, "आभारी आहे हं डॉक्टर, आता राष्ट्राध्यक्षांच्या नव्या मंत्रिमंडळाची यादी भरायचीय…"

पलीकडे डॉक्टर खाकरले. मग आवाजच बदलला! "नवं मंत्रिमंडळ? ताई… पेन आहे ना हातात? तीन लिहा. अहो, माझं रक्त तपासलं तरी पक्षच निघेल!"

सरांनी तीनभोवती गोल काढला. गेली नोकरी. माझ्या देखत अर्ध्या मिनिटात शून्याचे तीन झाले, आणि सर मलाच म्हणतात, "बाई, तुम्हाला मोजता येत नाही!"