नववी ‘ब’ची राज्यघटना

कोण म्हणालं होतं, मुलांना विश्वासात घ्या, त्यांचे नियम त्यांना करू द्या, मग बघा कशी फुलतात? कोण ते? तुम्ही पुस्तकं लिहून मोकळे झालात आणि मी इथे नववी ‘ब’समोर एकटा! एकदा या ना वर्गावर. शेवटच्या बाकावर जागा आहे... म्हणजे अर्धी आहे, उरलेल्या अर्ध्यावर एक झोपाळू मुलगी डोकं टेकून असते, पण तुम्ही तिला सरकवा आणि बसा!

तुम्हाला सांगतो, मी नवीन. जगाचा इतिहास शिकवायला लागून पुरता महिना झालेला नाही, नेमणूक कच्ची, आणि सोमवारी मुख्याध्यापिका बाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून म्हणतात, ‘‘सर, वर्गाचे नियम लिहून भिंतीवर लावा. शुक्रवारी मी तासाला येऊन बसेन. शिस्त दिसली तर तुम्ही पक्के. नाहीतर इतिहास आपले गणिताचे सर घेतील.’’ गणिताचे सर! मुलं त्यांना ‘डस्टर’ म्हणतात, कारण ते डस्टर फेकून मारतात आणि त्यांचा नेम चुकत नाही! ते इतिहास कसा घेणार? ‘‘लिहा. क्रांतीची कारणं. एक. दोन. तीन. खाली रेघ मारा.’’ अहो, लोकांनी जीव तळहातावर घेऊन राजवाड्यावर चालून जायचं आणि आपण खाली रेघ मारायची?

माझं डोकंच फिरलं. तडक वर्गात गेलो आणि म्हणालो, ‘‘मित्रांनो, जगानं शेकडो वर्षं झगडून जे मिळवलं, ते मी तुम्हाला आत्ता, इथे, फुकट देतो. तुमचे नियम तुम्ही करा!’’

आता यात माझं काय चुकलं, सांगा!

वाटलं होतं, टाळ्या पडतील. कसल्या टाळ्या? वर्गात एका वकीलसाहेबांची मुलगी आहे, ती उठली, वेणी मागे टाकली. ‘‘सर, आम्ही केलेले नियम तुम्हालाही लागू का?’’ मी म्हणालो, ‘‘अर्थात!’’ अर्थात काय अर्थात! कोणी सांगितलं होतं मला?

पहिला नियम मीच सुचवला, एकमेकांचा आदर करा. ‘‘सर, आदर कमी पडला हे ठरवणार कोण?’’ बरं, दुसरा घ्या, वेळेवर या. ‘‘वेळेवर म्हणजे घंटेला दारात की घंटेला बाकावर? आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर असताना घंटा झाली तर?’’ त्या पायरीवर आख्खा तास गेला हो! तिसरा, गृहपाठ उशिरा दिला तर गुण कापणार. यावर असा गदारोळ झाला की शेजारच्या वर्गातून निरोप आला, आणि ते कलम ‘पुढील चर्चेसाठी’ राखून ठेवावं लागलं. चौथा, मोबाइल दप्तरात. हा मात्र झटक्यात मंजूर! मी खूश, आणि तेवढ्यात खणखणला... कोणाचा? माझा! आई! तिला दुपारीच आठवतं, मी जेवलो का ते! मुलांनी जागच्या जागी नेमलेल्या समितीनं फोन जप्त करून खडूच्या डब्यात टाकला, आणि तो तिथे पांढरा होईपर्यंत वाजत राहिला.

आता यात माझं काय चुकलं?

मग बुधवारी खिडकीकडची रांग म्हणाली, खिडकी आमची, उघडायची की लावायची आम्ही ठरवू. पंख्याखालचे म्हणाले, मग पंखा आमचा. मधल्या रांगेला ना खिडकी ना पंखा, ती दोन्हीकडे गुपचूप बोलणी करायला लागली. तह झाला, डबा खाईपर्यंत टिकला, मोडला. फरशीवर खडूनं सीमा आखल्या, कचऱ्याचा डबा कोणीच आपल्या हद्दीत घेईना. अहो, पुस्तकातून महायुद्धापर्यंत पोचायला वर्ष संपत येतं, आम्ही गुरुवारी सकाळी पोचलो!

आणि युद्धानं दमल्यावर वकीलसाहेबांची मुलगी उठली. ‘‘सर, वर्गाचा ठराव. स्वातंत्र्यात फार वेळ जातो. नियम तुम्हीच करा, उत्तरं फळ्यावर लिहून द्या, आम्ही उतरवून घेऊ. एकमतानं मंजूर.’’ एकमतानं! झोपाळू मुलीचासुद्धा हात वर... शेजारणीनं धरून केला होता, पण वर होता!

मी उसळलो. म्हणालो, ‘‘मेलो तरी लिहून देणार नाही! लिहूनच हवं असेल तर थांबा की, उद्या बाई येणार, माझी पाठवणी करणार, आणि परवापासून डस्टर... म्हणजे गणिताचे सर आहेतच तुम्हाला!’’ तर म्हणतात कसे, ‘‘मग आमचा संप. आम्ही तोंडच उघडणार नाही.’’ आणि सगळ्यांनी हाताची घडी घातली!

शुक्रवार. बाई शेवटच्या बाकावर, झोपाळू मुलीला सरकवून बसलेल्या. मी विचारतोय, ‘‘लोक रस्त्यावर का उतरले असतील?’’ चिडीचूप. ‘‘अरे, काय वाटतं तुम्हाला? चुकलं तरी चालेल!’’ हाताची घडी, नजर समोर, पापणीसुद्धा हलत नाही. सदऱ्याची पाठ भिजली माझी. मनातल्या मनात टेबलाचा खण रिकामा केला, नारळच हातात पडणार असं धरून चाललो, आणि बाई उठल्या. डोळे चक्क पाणावलेले! ‘‘सर, इतकी वर्षं मी ही शाळा बघतेय. नववी ‘ब’ अशी गप्प... गणिताच्या सरांनाही जमलं नाही हे! तुम्ही पक्के!’’ आणि गेल्या!

म्हणजे बघा, मुलांनी प्रश्न विचारावेत म्हणून मी इथे आलो, आणि पक्का झालो कशानं, तर माझ्याच विरुद्धच्या संपानं! खरं सांगायला दारापर्यंत धावलो हो, पण बाई गाणं गुणगुणत जिना उतरत होत्या... कसं सांगणार? परत आलो, मटकन खुर्चीत बसलो. ‘‘झालं. जिंकलात. काढा वह्या, देतो लिहून.’’

एक वही उघडेल तर शपथ!

शेवटच्या बाकावरून झोपाळू मुलीनं डोकं उचललं. गालावर बाकाच्या कडेचा वळ. म्हणाली, ‘‘सर, डस्टरचं नाव ऐकून संप आम्ही काल शाळा सुटतानाच मागे घेतला. आज तुमच्यासाठी गप्प बसलो. आता ते गृहपाठाचं कलम घ्यायचं का चर्चेला?’’